रिकामा गोठा राहायला घेताय? आधी जमीन उकरा!

आपल्याच गावात एक चक्कर मारून बघा. किती घरांच्या परसात आज बैलजोडी उभी दिसते? नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्रावर होते. बैल बाजारात गेले, गोठा मात्र जागेवर राहिला. गव्हाणीत जुने टायर, खुंट्याला टेकलेली सायकल, कोपऱ्यात फवारणीचा पंप. इकडे घरात माणसांना जागा पुरत नाही. थोरल्याचं लग्न झालं, धाकट्याचं ठरलंय. मग कुणीतरी म्हणतं, "अहो, गोठा पडूनच आहे की! चार पत्रे बदलू, चुना फासू, झाली खोली!"

विचार वाईट नाही. भिंती उभ्या आहेत, जागा घरालगतची आहे, पायापासून बांधण्याचा खर्च वाचतो. पण त्या खोलीत जाणार कोण? पुष्कळ घरांत नव्या जोडप्याला आतली खोली मिळते आणि गोठ्यात खाट पडते ती आजोबांची नाहीतर आजीची. म्हातारपणी दमा, सांधेदुखी सोबतीला असतेच. त्यात ओल, कोंदट हवा आणि तापलेला पत्रा यांची भर पडली, तर खोली म्हणजे शिक्षाच की हो!

गोठा हा जनावरासाठी बांधलेला असतो. त्याची जमीन मुताने भिजलेली, छप्पर ठेंगणं, भिंतीला खिडकी नाही. माणसाला राहायचं तर कामाचा क्रम ठरलेला आहे : आधी कागद, मग जमीन, मग भिंत, छप्पर आणि हवा, सर्वांत शेवटी रंग. आपण बहुधा रंगापासून सुरुवात करतो, तिथेच फसतो.

कागदाचं काम आधी

गोठा कुणाच्या नावावर आहे, ते पाहा. भावाभावांत वाटणी झालेली नसेल आणि गोठा सामाईक असेल, तर पहिली कुदळ मारण्यापूर्वी सर्वांची संमती लेखी घ्या. पैसे घातल्यावर वाद निघाला की खोलीही जाते आणि भाऊही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे गावातील बांधकामाला व फेरबांधकामाला आधी परवानगी लागते. म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज द्या, पोच घ्या. काम झाल्यावर नमुना ८ मध्ये 'गोठा' ऐवजी 'राहते घर' अशी नोंद करून घ्या. घरपट्टी थोडी वाढेल, पण वापर कागदावर येईल. मात्र नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत आपल्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिकेवरचं नाव आणि हद्द एकदा तपासून घ्या.

पंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनाही एक विनंती. असा अर्ज आला की नुसता शिक्का मारू नका. जागेवर जा, खिडकी कुठे आहे आणि सांडपाणी कुठे जाणार, एवढं तरी विचारा.

जमीन : खरं काम इथेच

समजा, गोठा १२ बाय २० फुटांचा आहे. वर्षानुवर्षं जनावरांचं मूत मुरून तिथली माती क्षारांनी भरलेली असते. पूर्वी तोफेच्या दारूसाठी लागणारा शोरा अशाच गोठ्याच्या आणि जुन्या भिंतींच्या मातीतून धुऊन काढत. या मातीवर थेट फरशी बसवली तर पहिल्या पावसाळ्यातच सांध्यांतून पांढरं मीठ फुटतं, आणि दमट दिवशी वास पुन्हा येतो तो वेगळाच.

तेव्हा एक फूट माती उकरून बाहेर काढा. आपल्या हिशेबात ही २४० घनफूट, म्हणजे जवळपास अडीच ब्रास माती झाली. ती उकिरड्याकडेला टाकून देऊ नका. नत्र आणि पालाश असलेली ही माती शेतात पसरा, उपयोगी पडेल. उकरल्यावरही खाली काळी, ओलसर, वासाची माती लागली तर आणखी सहा इंच जा.

मग मुरूम भरा. एक फूट खड्डा भरायचा आणि बाहेरच्या अंगणापेक्षा एक फूट जोतं वर घ्यायचं, म्हणजे ४८० घनफूट. मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून सहा ब्रासच्या आसपास धरून चाला. सहा-सहा इंचांचा थर, पाणी, मग धुमस. असं चार वेळा. घाईने एकदम भरलेली जमीन वर्षभरात खचते आणि फरशी तडकते. वर कोबा करा किंवा शहाबादी बसवा, आपल्या ऐपतीप्रमाणे.

भिंतीला सिमेंट फासू नका

दगड-मातीच्या भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा भाग क्षारांनी पोखरलेला असतो. ते झाकायला आपण सिमेंटचा गिलावा मारतो. पण सिमेंटमुळे भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, ती भिंतीतूनच वर चढते आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. त्यापेक्षा जुना गिलावा खरवडा, मीठ कोरड्या ब्रशने झाडून काढा आणि चुन्याचा गिलावा करा. मीठ पाण्याने धुऊ नका. ते विरघळून पुन्हा आत जातं.

भेगांकडे विशेष लक्ष द्या. गोचीड अशाच भेगांत अंडी घालते, आणि जनावर गेलं तरी पुढे बरेच दिवस तग धरून राहते. भेगा कोरून साफ करा, बुजवा. गोचीडनाशक वापरायचं असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, आणि माणसं राहायला येण्याच्या बऱ्याच आधी.

मराठवाड्यातील वाचकांना आणखी एक सांगणं. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपण विसरलेलो नाही. सुमारे आठ हजार माणसं गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाची जड माती अंगावर येऊन. अशा भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नसतात. हादरा बसला की दोन अंगं फाकतात. गोठा तसाच असेल तर दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड किंवा लोखंडी गज घातलेले काँक्रीटचे ठोकळे बसवून घ्या; उंचीत दर दोन फुटांवर, लांबीत दर चार फुटांवर. माळवदावरची जादा माती उतरवा. हे काम जाणकार गवंड्याकडूनच करून घ्यावे.

छप्पर आणि हवा

जोतं फूटभर वर घेतलं की छप्पर फूटभर खाली आलं, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. सात फुटांचं उतरतं टोक सहा फुटांवर येतं आणि उभं राहिलं की डोक्याला पत्रा लागतो. म्हणून जोतं आणि छप्पर यांचा हिशेब एकदमच करा. राहत्या खोलीला पावणेतीन मीटर म्हणजे नऊ फूट उंची हवी, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. उतरत्या छपराची सरासरी तेवढी तरी धरा.

पत्रा उन्हाळ्यात भाजून काढतो. त्याच्या खाली अर्धा फूट पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्या बसवा आणि पोकळीतली गरम हवा दोन्ही टोकांनी निघून जाईल अशी वाट ठेवा. फाल्गुनात पत्र्यावर पांढरा चुना मारा. उसाचं पाचट मात्र वर टाकू नका. एका ठिणगीचं काम असतं. जुना सिमेंटचा पत्रा उतरवायचा असेल तर भिजवून, अख्खा उतरवा. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, फोडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक आहे.

खिडकीचं माप सोपं आहे. कोरड्या, उष्ण भागात दरवाजा सोडून जमिनीच्या एक दशांश, कोकणासारख्या दमट भागात एक षष्ठांश. गोठ्यातली १२ बाय १२ ची एक खोली धरली तर कोरड्या भागात साधारण १५ आणि कोकणात २४ चौरस फूट खिडकी हवी. ती समोरासमोरच्या दोन भिंतींत वाटून घ्या, तरच वारा खेळेल. दगडी भिंत फोडताना कोपऱ्यापासून दोन-अडीच फूट सोडा, आणि वरची तुळई दोन्ही बाजूंना किमान नऊ इंच टेकू द्या.

उरलेल्या आठ फुटांत चूल आणि मोरी बसते. मध्ये भिंत घाला, धुराला वरून वाट ठेवा. थंडीत दार-खिडकी लावून आत शेगडी पेटवून झोपणं म्हणजे मृत्यूला बोलावणं आहे. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

वीज, विष आणि सांडपाणी

पंपाच्या जोडणीवरून खोलीला वायर ओढू नका. ते नियमबाह्य आहे आणि धोक्याचंही. घराच्या मीटरवरून वेगळी लाईन घ्या, अर्थिंग करा आणि गळती होताच वीज तोडणारं ३० मिलिॲम्पिअरचं स्विच बसवा. पत्र्याच्या खोलीत एक सोललेली वायर अख्खा पत्रा जिवंत करते.

कीटकनाशकं आणि खतं त्या छपराखाली नकोतच. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर मुळीच नकोत. ओल लागली की त्यांतून विषारी वायू निघतो आणि मधल्या भिंतीच्या फटीतूनही पलीकडे जातो. गोठ्याचा अर्धा भाग कोठार आणि अर्धा झोपायला, अशी वाटणी करू नका.

मोरीचं पाणी शोषखड्ड्यात न्या, अंगणात सोडू नका. म्हाताऱ्या माणसासाठी संडास जवळ हवा, रात्री अंगण ओलांडावं लागू नये. मात्र त्याचा खड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून ५० फूट तरी लांब असावा.

शेवटची तपासणी

एवढं सगळं झाल्यावर रंग द्या, दारावर तोरण लावा. पण कुणाची खाट तिथे हलवण्याआधी एक काम करा. घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः तिथे दोन रात्री झोपून पाहावे : एक वैशाखातली, एक मुसळधार पावसातली. घाम आला, वास आला, भिंतीला हात ओला लागला, तर काम अजून बाकी आहे असं समजा.

मुकी जनावरं तक्रार करत नव्हती, म्हणून गोठा कसाही चालला. घरची म्हातारी माणसंही सहसा तक्रार करत नाहीत. "मला काय, कुठंही चालतंय," असंच म्हणतात. त्यांच्या त्या बोलण्यावर जाऊ नका. तुम्हाला स्वतःला त्या खोलीत झोप लागली, तरच ती खोली झाली म्हणा.