मामांची तापणारी जीप आणि माझी बदललेली सिनॉप्सिस

पीएचडीला प्रवेश घेतल्यावर पहिल्या सहा महिन्यांत माझा विषय जवळपास ठरला होता. गाडीच्या रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये ॲल्युमिनाचे नॅनोकण मिसळायचे आणि उष्णतावहन किती वाढतं ते मोजायचं. विषय चांगला दिसतो, पेपर भरपूर सापडतात, प्रयोगाची मांडणीही फार महाग नाही. सिनॉप्सिसचा मसुदा तयार होता. तुमच्यापैकी काही जण आत्ता अशाच एखाद्या मसुद्यावर काम करत असतील, म्हणून हा सगळा प्रकार जरा सविस्तर सांगते. माझा मसुदा कुठल्या पेपरने नाही, तर मामांच्या जीपने मोडीत काढला.

मामांकडे महिंद्राची जुनी एमएम ५४० आहे. तिचं मूळ इंजिन २.१ लिटरचं, साठएक हॉर्सपॉवरचं डिझेल. ते थकल्यावर मामांनी एका अपघातग्रस्त गाडीतलं २.५ लिटरचं टर्बो डिझेल, शंभराच्या आसपास हॉर्सपॉवरचं, तिच्यात बसवून घेतलं. (इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. मामांनी ते कागद आधी केले, म्हणून ही गोष्ट इथे मोकळेपणाने लिहिता येतेय.) जीप हायवेला उत्तम पळायची. ऐंशीच्या वेगाला काटा मधोमध. पण मुळशीकडच्या त्यांच्या शेतावर जाणारा कच्चा चढ फोर-व्हील लो मध्ये चढायला लागली, की पाच-सहा मिनिटांत काटा लाल पट्ट्यात.

यावर मामांनी काय काय केलं बघा. आधी थर्मोस्टॅट काढून टाकला. मग वॉटर बॉडी नवीन टाकली. मग रेडिएटरवाल्याकडून दुप्पट जाडीचा, चार ओळींचा तांब्याचा रेडिएटर बनवून घेतला. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये कोणीतरी ठामपणे सांगायचं, "आता नाही तापणार." जाड रेडिएटर टाकल्यावर ती चढावर आधीपेक्षा लवकर तापायला लागली आणि तिसऱ्या फेरीला हेड गॅस्केट गेलं. हेड उतरवलं तेव्हा ते थोडं वाकलेलं निघालं. पुन्हा एकदा असं झालं असतं तर इंजिनच गेलं असतं, आणि दुसरं घेण्याइतके पैसे मामांकडे नव्हते.

"अगं, तू रेडिएटरवरच पीएचडी करतेस ना? मग बघ की जरा," मामा म्हणाले. मी मोठ्या तोऱ्यात गेले. डोक्यात अर्थातच कूलंट होतं.

आता इथे थांबून तुम्ही स्वतः विचार करा. एक गाडी ऐंशीच्या वेगाला तापत नाही, आठच्या वेगाला तापते. ऐंशीला इंजिन जास्त ताकद काढतंय, म्हणजे उष्णताही जास्त तयार होतेय. पंप दोन्ही वेळी इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो आणि लो गिअरमध्ये फेऱ्या भरपूर असतात. मग दोन्हींत फरक काय राहिला? समोरून आपोआप आत शिरणारा वारा. हायवेवर तो फुकट मिळतो, चढावर फक्त फॅन जेवढा देईल तेवढाच. हे इतकं उघड आहे, पण आम्हा कोणाला दिसलं नव्हतं, कारण प्रत्येक जण आपल्याला माहीत असलेला भाग बदलत होता.

संशय पुरेसा नाही, आकडा हवा. तो पाठपोट कागदावर निघतो. माणसं धरून जीप साधारण १८०० किलो. चढ सरासरी १२ अंशांचा, वेग ताशी ८ किलोमीटर. एवढं वजन वर उचलायलाच सुमारे ८ किलोवॅट लागतात. मऊ मातीचा विरोध, दोन डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि टायरचं घसरणं मिळून इंजिनला अंदाजे १८ किलोवॅट काढावे लागतात. डिझेलमधल्या ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे पडतात: एक चाकांच्या कामाला, एक धुराड्यातून बाहेर, आणि एक कूलंटला व इंजिनच्या अंगावरून हवेला. म्हणजे कूलंटमध्ये जाणारी उष्णताही सुमारे १८ किलोवॅट धरू. यात वीस-पंचवीस टक्के चूक असू शकते, चालेल. पहिल्या हिशोबात चुकीचा अंदाज माफ असतो, अंदाज न करणं नाही.

ही १८ किलोवॅट उष्णता शेवटी हवेतच जायची आहे. विभागातून सरांच्या परवानगीने हॉट-वायर ॲनिमोमीटर आणला, जीप उभी करून फॅन चालू केला आणि रेडिएटरच्या तोंडावर बारा चौकोन आखून प्रत्येक ठिकाणी हवेचा वेग घेतला. सगळं मिळून हवा निघाली सेकंदाला जेमतेम ०.३ घनमीटर. गरम हवेची घनता १.१ किलो प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्मा साधारण १ किलोज्यूल धरला, तर ही हवा एका अंशाने तापायला ०.३३ किलोवॅट घेते. अठरा भागिले ०.३३, म्हणजे सुमारे ५४. हवा रेडिएटरमधून जाताना ५४ अंशांनी तापली पाहिजे, तरच हिशोब बसेल.

बाहेर त्या दिवशी ३६ अंश. म्हणजे हवा ९० अंशांनी बाहेर पडायला हवी. कूलंट ९५ वर ठेवायचं आहे. हवा फार तर कूलंटइतकी तापू शकते, त्याहून जास्त नाही. त्या कमाल शक्यतेच्या किती टक्के उष्णता आपण प्रत्यक्षात देतो, त्याला इफेक्टिव्हनेस म्हणतात. केज आणि लंडन यांच्या 'कॉम्पॅक्ट हीट एक्सचेंजर्स' या १९५५ सालच्या पुस्तकाने ही पद्धत घराघरात नाही तरी प्रयोगशाळा-प्रयोगशाळांत पोचवली. इथे मागणी होती ५९ पैकी ५४ अंशांची, ९२ टक्के. गाडीच्या रेडिएटरकडून हे मागणं म्हणजे अतीच.

मग एक थर्मोकपल रेडिएटरच्या पुढच्या बाजूला लावलं आणि जीप चढावर घातली. आत शिरणारी हवा ३६ ची नव्हतीच, ४४ ची होती. रेडिएटरच्या बाजूंना आणि वर बोटबोट फटी होत्या. मागची गरम हवा तिथून फिरून परत पुढे येत होती. आता ४४ अधिक ५४, म्हणजे ९८. कूलंट ९५ आणि हवा बाहेर पडायची ९८ ला! याचा अर्थ, एवढ्या हवेत ती जीप थंड ठेवणं जगातल्या कुठल्याच रेडिएटरला शक्य नव्हतं. चार ओळींचा असो की चाळीस. उलट जाड जाळीतून हवा ओढायला फॅनला जास्त जोर लागतो, म्हणून हवा आणखी घटते. जाड रेडिएटरने जीप लवकर का तापली, हे तेव्हा कळलं.

कूलंटच्या बाजूचाही हिशोब करून ठेवू. मिनिटाला ६० लिटर प्रवाह धरला आणि पाणी-ग्लायकॉल निम्मे-निम्मे असेल, तर कूलंटचा आकडा येतो अंशाला सुमारे ३.६ किलोवॅट. हवेच्या अकरापट. म्हणजे १८ किलोवॅट देऊन कूलंट फक्त ५ अंशांनी थंड होणार. हे तपासायला सोपं आहे: वरच्या आणि खालच्या होज पाइपवर एकेक थर्मोकपल बांधा आणि वरून कापड गुंडाळा. इन्फ्रारेड गनवर विसंबू नका. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती बऱ्याचदा फारच कमी तापमान दाखवते, निदान काळी टेप तरी चिकटवा. आमच्याकडे वर १०४, खाली ९९. दोन्ही पाइप जवळपास सारखेच गरम याचा अर्थ पाणी छान फिरतंय, पण उष्णता घ्यायला हवा नाही. हाच फरक वीस-पंचवीस अंश आला असता तर मी उलटं म्हटलं असतं: प्रवाह कमी आहे, पट्टा, पंप किंवा तुंबलेल्या नळ्या बघा. दोन थर्मोकपल आणि एक चढ एवढ्यावर हा निकाल लागतो. वॉटर बॉडी बदलण्याआधी लावला असता तर बरं झालं असतं.

थर्मोस्टॅटविषयी दोन शब्द, कारण गॅरेजमध्ये यावर भांडणं होतात. एक पक्ष म्हणतो तो काढला की पाणी मोकळं फिरतं. दुसरा म्हणतो, पाणी फार वेगात गेलं तर त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही. दुसरा युक्तिवाद ऐकायला पटतो, पण चुकीचा आहे. पाणी एका फेरीत कमी वेळ थांबतं खरं, पण तेवढ्याच वेळात फेऱ्या जास्त होतात. वेग वाढला की रेडिएटरभर पाण्याचं सरासरी तापमान वाढतं आणि हवेला थोडी जास्तच उष्णता मिळते. तरी थर्मोस्टॅट काढू नये, त्याची कारणं वेगळी आहेत. इंजिन नीट तापत नाही, आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात फिरतं. आम्ही तो परत बसवला.

मूळ दोष फॅनचा होता. नवीन इंजिन लांबीला जास्त, म्हणून रेडिएटर आणि इंजिन यांच्यात फॅनला जागा उरली नव्हती. तेव्हा फिटरने १४ इंची इलेक्ट्रिक फॅन रेडिएटरच्या पुढे, हवा ढकलणारा बसवला, श्राउडशिवाय. चौदा इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर, जाळीचं ०.२१. अर्ध्याहून जास्त जाळीसमोर हवाच हलत नव्हती. टिश्यू पेपर लावून बघितला तर फॅनसमोर तो जाळीला चिकटायचा आणि कोपऱ्यांत सरळ खाली पडायचा. फॅनच्या खोक्यावर भलामोठा सीएफएम आकडा होता, पण असे आकडे बहुतेक वेळा समोर काहीही अडथळा नसताना मोजलेले असतात. जाळी लावली की ते बरेच खाली येतात.

आम्ही रेडिएटर पाच सेंटीमीटर ग्रिलकडे सरकवला, मागे दोन पातळ, हवा ओढणारे फॅन लावले, पत्र्याचा श्राउड ठोकून घेतला, कडेच्या फटी रबर-फोमने बंद केल्या. जाड रेडिएटर जाऊन दोन ओळींचा आला. नवीन इंजिनचा माथा रेडिएटरपेक्षा उंच होता, तिथे हवा अडकू नये म्हणून त्याहून वर डीगॅस बाटली बसवली. हे बारीक वाटतं, पण एअरलॉक असेल तर बाकीचे आकडे सगळे फसवे. वायरिंगला रिले आणि जाड तार, हे सांगायला नको.

हवा गेली सुमारे ०.५ घनमीटरवर. आता तीच उष्णता द्यायला हवेला ३३ अंश तापायचं आहे आणि इफेक्टिव्हनेस ६० टक्क्यांच्या आसपास लागतो, जो साधा रेडिएटर देतो. त्याच चढावर, बाहेर ३८ अंश असताना, वरचा पाइप ९३ वर थांबला आणि शेवटची तीन मिनिटं हलला नाही. तुलना नुसती १०४ आणि ९३ अशी करू नका. बाहेरच्या हवेपासूनचा फरक घ्या: आधी ६८, आता ५५. त्यातही आधीचा ६८ हा शेवटचा आकडा नाहीच, कारण मामांनी घाबरून इंजिन बंद केलं तेव्हा तापमान अजून चढत होतं.

आता माझ्या मसुद्याकडे येऊ. कूलंटपासून हवेपर्यंत उष्णतेच्या वाटेत तीन अडथळे असतात: कूलंट ते नळी, नळीचा धातू, आणि फिनपासून हवा. हे एकामागे एक आहेत, त्यामुळे त्यांची बेरीज होते. कुठला किती, हे वेगळं काढायची युक्ती विल्सनने १९१५ मध्येच दिली होती, ती आजही वापरतात. गाडीच्या रेडिएटरमध्ये सगळ्यात मोठा वाटा हवेच्या बाजूचा. समजा कूलंटचा वाटा १२ टक्के आहे. माझ्या नॅनोकणांनी ती बाजू ३० टक्क्यांनी सुधारली, जे मी उदारपणे धरतेय, तर १२ चे ९.२ होतात. एकूण अडथळा शंभरावरून ९७.२ वर. म्हणजे जेमतेम ३ टक्के फायदा. त्यात नॅनोकणांनी द्रवाची घट्टता वाढते, पंपाला जास्त ताकद लागते, आणि कण तळाला बसतात ते वेगळंच.

'नॅनोफ्लुइड' हा शब्द स्टीफन चोय यांनी १९९५ मध्ये आरगॉन प्रयोगशाळेत असताना रूढ केला, आणि त्यानंतर पेपरांचा पूर आला. २००९ मध्ये तीसहून जास्त संस्थांनी एकसारखे नमुने मोजून एकत्र निकाल छापला. त्यांना वाहकतेत अजब म्हणावी अशी वाढ दिसली नाही, जुन्या सिद्धांतातून येते तेवढीच दिसली. हा पेपर मी वाचलेला होता. माझ्या संदर्भ यादीतही होता. तरी विषय तोच ठेवला होता, कारण बाकीचे सगळे त्यावर करत होते. नॅनोफ्लुइडवर काम करूच नये असं माझं म्हणणं नाही. जिथे दोन्ही बाजूंना द्रव आहे किंवा चिप थंड करायची आहे, तिथे वाटे वेगळे पडतात. तुमच्या उपकरणात कुठल्या अडथळ्याचा किती वाटा आहे तो आकडा काढा आणि सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर लिहा. मला तो लिहिता आला असता तर मी दुसऱ्या पानावर गेलेच नसते.

सरांना मी हा हिशोब दाखवला तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मग हवेच्या बाजूचं काय करणार?" सहा महिन्यांचं वाचन बाजूला ठेवून मी विषय बदलला. आता जाळीवर हवा असमान पसरली तर उष्णतावहन किती घटतं, यावर काम करतेय.

समितीपुढे मी मामांच्या जीपचे आकडे दाखवले. एका बाईंनी लगेच पकडलं: श्राउड, फॅन, फटी, थर्मोस्टॅट, डीगॅस बाटली, सगळं एकदम बदललं, मग कशाने किती फरक पडला? उत्तर नव्हतं. फॅन आणि श्राउड तसेच ठेवून फक्त फटी परत उघड्या करून एक फेरी मारली असती तर निदान गरम हवेच्या फिरण्याचा वाटा कळला असता. मी मामांना फोन करून विचारलं. फोम एका दिवसापुरता काढू का?

"चालतेय ना नीट? मग कशाला हात लावतेस," म्हणाले आणि जीप घेऊन शेतावर गेले. तो प्रयोग आता मला प्रयोगशाळेत, पंख्यासमोर उभ्या केलेल्या जुन्या चार ओळींच्या रेडिएटरवर करावा लागतोय. मामांनी तो मला फुकट दिला.