चौदा तास खुर्चीत

मे महिना आला, की आमच्या सांगलीच्या मेडिकलमध्ये एक ठरावीक गिऱ्हाईक दिसायला लागतं. साठीच्या पुढचं जोडपं. हातात बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि एक प्रश्न: "सहा महिन्यांच्या एकदम मिळतील का? मुलाकडे अमेरिकेला चाललोय." गोळ्या मी काढून देते आणि वर दहा मिनिटं बोलतेही. माझी मुलगी बोस्टनजवळ वॉल्थमला राहते, त्यामुळे त्या वाटेवर मीही अधूनमधून असते. माझं म्हणणं एवढंच, की या प्रवासात सोसायचं असतं ते शरीराला. त्याची सोय आधी लावली, तर मजेला जागा उरते.

विमान ३५ हजार फुटांवर उडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आत मात्र घरातलीच हवा असणार, असा आपला समज. प्रत्यक्षात केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे आपण महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्याच्याही वर बसलेले असतो, तेही गुडघे दुमडून. दाब कमी झाला की वायू फुगतो. पिशवीतलं चिवड्याचं पाकीट टम्म होतं आणि तेच पोटातही घडतं. तिथला वायू पाव ते एक-तृतीयांशाने वाढतो. म्हणून आदल्या रात्री कुणी निरोपाचे छोले-भटुरे करत असेल तर हात जोडून नको म्हणा. आणि सलवारीची नाडी सैल बांधा.

तिथली हवा कोरडीही फार असते, आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली. नाक सुकतं, डोळे चुरचुरतात, ओठ तडकतात. नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब आणि व्हॅसलीनची छोटी डबी एवढ्यावर हे निभतं. पण आपल्याकडचे लोक, विशेषतः बायका, बाथरूमला सारखं उठायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. शेजारच्याला उठवायचा संकोच वाटतो. त्यावर उपाय म्हणजे आधीच कडेची खुर्ची मागून घेणं. मग हवं तेव्हा प्या, हवं तेव्हा उठा.

उठणं तर हवंच. तासन् तास बसून राहिलं की पोटऱ्यांतल्या शिरांमधलं रक्त वर चढायला कंटाळतं. पावलं सुजतात, चपला घट्ट होतात. क्वचित रक्ताची गुठळीही होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांब प्रवासात हा धोका साधारण दुपटीने वाढतो. तरी निरोगी माणसाच्या बाबतीत तो सहा हजारांत एक इतकाच असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ज्यांना आधी गुठळी झालेली आहे किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. घट्ट मोजे घ्यायचे असतील तर पोटरीचं माप सकाळी, सूज नसताना द्या. झोपेच्या गोळ्या मागायला येतात त्यांना मी सरळ परत पाठवते. गोळी घेऊन एकाच कुशीवर आठ तास पडून राहणं पायांना मानवत नाही.

विमानाच्या शेपटाकडे, चहा-कॉफीच्या ओट्यापाशी थोडी मोकळी जागा असते. मध्यरात्री तिथे गुडघेदुखीवाल्यांचं संमेलनच भरतं. एक काका टाचा वर-खाली करत असतात, गुजराती मावशी कंबर धरून उभ्या असतात, कुणी पंजाबी आजी ठेपल्याचा डबा उघडते. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाची ग्रीन कार्डाची फाइल, सगळं तिथे कळतं. मी औषधवाली आहे हे कळलं की पर्समधल्या गोळ्या माझ्यासमोर येतात. "ही कधी घ्यायची हो, इथल्या वेळेला का तिथल्या?"

जेवण मिळमिळीत लागतं त्याचा सगळा दोष आचाऱ्याचा नसतो. कमी दाब आणि सुकलेलं नाक यांमुळे गोड आणि खारट चव बोथट होते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने विमान कंपनीसाठी जमिनीवरच तसा दाब निर्माण करून हे तपासलं होतं. टोमॅटोचा रस मात्र वर जास्त रुचतो. मी तिळाची कोरडी चटणी पुडीत नेते. तिने तिथल्या भाताला जीव येतो. तिकीट काढतानाच 'एशियन व्हेज' जेवण नोंदवून ठेवा. 'हिंदू मील'मध्ये मांसाहार येऊ शकतो, हे अनेकांना ताट उघडल्यावर कळतं. नोंदवलेलं जेवण बहुधा सगळ्यांच्या आधी येतं. अख्ख्या रांगेच्या देखत पहिला घास घेण्यात जरा तोरा असतो, खोटं कशाला बोलू?

सामानाचं म्हणाल तर गोळ्या, इन्सुलिन आणि चिठ्ठ्या हातातल्या बॅगेत. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकतं. आणि सुकं खोबरं घरीच ठेवा. त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. लेकीच्या आमटीसाठी जपून बांधलेल्या वाट्या विमानतळावर बाहेर निघताना बघवत नाहीत.

आता सुखाचं. दोह्याला विमान बदलताना पिवळ्याधमक अजस्र अस्वलाखाली बसून पाय मोकळे करायचे. उर्स फिशर या स्विस शिल्पकाराचं ते अस्वल सात मीटर उंच आहे आणि त्याच्या डोक्यातून चक्क दिवा निघालाय. चुकामूक झालेले सगळे तिथेच सापडतात. सकाळचं विमान पश्चिमेकडे निघालं की सूर्य आपल्याबरोबर चालतो. समोरच्या पडद्यावर तुर्कस्तान गेलं, काळा समुद्र गेला, अटलांटिक लागला, तरी ऊन तसंच. आणि या सगळ्या वेळात "ताई, जरा लवकर" म्हणणारं कुणी नसतं. फोन बंद, दुकान बंद. आयता चहा हातात येतो आणि एकामागून एक सिनेमे बघितले तरी कुणी विचारत नाही. उभ्या जन्मात दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईला ही चैन पुष्कळ झाली.

उतरायच्या अर्धा तास आधी जागं व्हा आणि आवळकाठी चघळत गिळत राहा, म्हणजे कानांचे दडे सुटतात. पुढचं झोपेचं. आपल्यात आणि बोस्टनमध्ये उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर. शरीरातलं घड्याळ ते एका रात्रीत भरून काढत नाही. ते घड्याळ कसं चालतं, हे फळमाश्यांवर काम करून उलगडणाऱ्या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं. त्यांतले हॉल आणि रोसबॅश यांनी ते काम वॉल्थमच्याच ब्रँडाइस विद्यापीठात केलं. मुलगी मला तिथे फिरायला नेते. आपलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित मंद चालतं. त्यामुळे दिवस लांबवणं त्याला जमतं, आखडणं जड जातं. म्हणून जाताना चार-पाच दिवसांत सगळं सुरळीत होतं, परतल्यावर मात्र आठ-दहा दिवस लागतात. दुपारी डोळे मिटतात, रात्री दोनला भूक लागते. दिवसा उजेडात हिंडणं आणि रात्री दिवे मंद ठेवणं, यापलीकडे माझ्या दुकानात त्यावर औषध नाही. तेवढे दिवस बँकेची कामं, लग्नाची बोलणी आणि भावकीतली भांडणं पुढे ढकला. झोपेत दिलेला होकार नंतर निस्तरावा लागतो.