डिजिटल रेडिओ मध्येच गप्प का होतो? कसबा बावड्यात पुराआधी तपासून घ्या 'या' गोष्टी

पावसाळा सुरू झाला की कोल्हापुरात एकच प्रश्न असतो, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं?" कसबा बावड्याजवळच्या या बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजली जाते. 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं.

पुरात वीज जाते, मोबाईलची रेंज जाते. मग उरतो सेलवर चालणारा रेडिओ. पण तोही दोन मिनिटं वाजून गप्प बसत असेल तर? सेट बिघडला असं समजण्याआधी हे वाचा.

तुमचा रेडिओ खरंच डिजिटल आहे का?

आकडे दाखवणारा डिस्प्ले असला की दुकानात त्याला 'डिजिटल रेडिओ' म्हणतात. त्यातले बरेचसे साधे एफएम सेट असतात. फक्त स्टेशन लावायची पद्धत डिजिटल असते.

खरं डिजिटल प्रक्षेपण म्हणजे 'डीआरएम', अर्थात डिजिटल रेडिओ मोंदियाल. आकाशवाणीने मध्यम लहरींच्या पस्तीसेक प्रक्षेपकांवर ही यंत्रणा बसवली. त्यात पुणे, पणजी आणि धारवाड आहेत. कोल्हापूरची आकाशवाणी मात्र 102.7 मेगाहर्ट्झ एफएमवर ऐकू येते. म्हणजे बावड्यात डीआरएम ऐकायचं तर सिग्नल शंभर किलोमीटरपेक्षा जास्त लांबून येणार.

खरखर नाही, थेट शांतता. असं का?

जुन्या रेडिओत सिग्नल कमी झाला की खरखर वाढायची, पण बातमी समजायची. डिजिटलमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात येतो. थोडे आकडे हरवले तर सेट ते भरून काढतो आणि आवाज स्वच्छ राहतो. मर्यादेपेक्षा जास्त हरवले की आवाज एकदम बंद. सिग्नल सुधारला तरी सेटला पुन्हा जुळवून घ्यायला काही सेकंद लागतात.

अनेकदा एकाच प्रक्षेपकावरून जुनं आणि डिजिटल प्रक्षेपण सोबत चालतं, आणि डिजिटलच्या वाट्याला कमी ताकद येते. त्यामुळे तेच केंद्र साध्या सेटवर लागतं आणि डिजिटलवर लागत नाही, असंही होतं.

आधी वेळ लिहून ठेवा

आवाज कधी जातो, हे तीन-चार दिवस वहीत नोंदवा. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

- रोज ठरावीक मिनिटाला जातो: केंद्राच्या प्रक्षेपणाची वेळ संपत असेल. सेटचा दोष नाही.
- सूर्य मावळल्यावर ये-जा सुरू होते: दिवसा मध्यम लहरी जमिनीलगत येतात. रात्री त्या आकाशातल्या आयनांबरावरून परावर्तित होऊनही येतात. दोन्ही वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी खोडतात. शिवाय दूरची केंद्रंही मध्ये घुसतात.
- दिवे किंवा टीव्ही लावल्यावर जातो: गडबड घरातच आहे.
- आवाज मोठा केला की जातो: सेल उतरलेत.

मेन स्विचची चाचणी

रेडिओ सेलवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. आवाज सुधारला तर एकेक वस्तू परत सुरू करून बघा. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, सेटटॉप बॉक्स आणि इन्व्हर्टर यांचा मध्यम लहरींना जास्त त्रास होतो. म्हणूनच संपूर्ण गल्लीची वीज गेली की रेडिओ उलट चांगला लागतो.

सेट फिरवा, अँटेना नको

मध्यम लहरींसाठी वर ओढायच्या अँटेनाचा सहसा उपयोग नसतो, ती एफएमसाठी. मध्यम लहरी पकडणारी कांडी सेटच्या आत आडवी बसवलेली असते. कांडीचं टोक केंद्राच्या दिशेला आलं की सिग्नल सर्वात कमी, कांडी आडवी राहिली की सर्वात जास्त.

बावड्यातून पुणे उत्तरेला आणि पणजी साधारण दक्षिणेला. म्हणजे सेटची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की दोन्ही केंद्रांसाठी ती बरोबर बसते. धारवाडसाठी सेट थोडा वळवावा लागेल. स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या घरात सेट खिडकीत ठेवा. लोखंडी कपाट आणि ग्रिलपासून थोडा लांब.

पुरासाठी काय लक्षात ठेवायचं?

डीआरएममध्ये आणीबाणीची सूचना आली की सेट आपोआप त्या प्रक्षेपणावर जाण्याची सोय आहे. पण सिग्नलच पोहोचला नाही तर तिचा उपयोग नाही. त्यामुळे बावड्यात फक्त डिजिटलवर विसंबून राहू नका. सेटमध्ये 102.7 एफएम आत्ताच सेव्ह करा, सेलची एक जादा जोडी कोरड्या डब्यात ठेवा आणि घराच्या कुठल्या कोपऱ्यात रेडिओ नीट लागतो, ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.