पागोळीच्या पाण्यावरचा ॲव्होकाडो

पहिली कोय मी धुतली, पुसली आणि भोपळ्याच्या बियांसारखी कागदाच्या पुडीत बांधून ठेवली. मृग लागला की लावू, असा विचार होता. जूनमध्ये पुडी उघडली तर कोय हातात खडखड वाजली. वरची तपकिरी साल सुटली होती, आतली दोन्ही दळं आक्रसून एकमेकांपासून दूर झाली होती. तरी लावली. दोन महिने पाणी घातलं, काही वर आलं नाही.

चूक माझीच होती, पण ती आमच्या भागातल्या कुणाच्याही हातून झाली असती. जळकोटकडे बियाणं म्हणजे वाळवायचं आणि जपायचं. ज्वारी, तूर, करडई, सगळ्यांचं तेच. ॲव्होकाडोची कोय मात्र वाळली की मेली. फणसाच्या आठळीची आणि आंब्याच्या कोयीची जी जात, तीच हिची. फळातून निघाली की काही दिवसांत ओलाव्यात गेली पाहिजे.

पुढच्या दिवाळीत भाच्याने हैदराबादहून सहा फळं आणली. बंगळूरकडे ह्याला बटर फ्रूट म्हणतात, आणि नाव खोटं नाही; पिकलेला गर चमच्याने लोण्यासारखा निघतो. ह्या वेळी कोयी त्याच दिवशी धुतल्या. तिघींना कमरेशी बाभळीचे तीन-तीन काटे टोचून पाण्याच्या पेल्यांवर बसवलं, चपटी बाजू खाली, निमुळती वर, बूड तेवढं पाण्यात. उरलेल्या तीन मटकीला मोड आणतो तशा ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या.

सासूबाई येता-जाता पेल्यांकडे बघायच्या. "काय करलालीस गं ह्या गोट्यांला?" म्हणायच्या. दर चार दिवसांनी पेल्यातलं पाणी बदलावं लागे, आणि जुनं पाणी मोरीत गेलेलं त्यांना चालायचं नाही. त्या स्वतः पेले उचलून तुळशीत रिकामे करायच्या. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांच्यासमोर पेलाभर पाणी ओतून देणं सोपं नाही.

फडक्यातली पहिली कोय एकविसाव्या दिवशी उलली. आधी बुडाला केसासारखी रेघ, मग ती रेघ वर सरकत टोकापर्यंत गेली, दोन दळं किंचित अलग झाली, आणि त्या फटीतून पांढरं, जाड, टोकाला तपकिरी असं मूळ खाली आलं. कोंब त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. पेल्यातल्या दोघींना दीड महिना लागला. तिसरी सडली. सडका भाग काढावा म्हणून चाकूने कापली, तर कापलेल्या जागेचा दुधी रस बघता बघता केशरी झाला आणि मग विटकरी. पदराला लागलेला तो डाग आजही गेला नाही. परीट बिब्ब्याने कपड्यांवर खूण करतात, अगदी तसा. स्पॅनिश लोकांनी दक्षिण अमेरिकेत ह्याच रसाची शाई करून कागद लिहिले होते. तो डाग पाहिल्यावर ते सहज पटतं.

फडक्यात वेळ कमी लागतो आणि पाणी तर नावालाच, म्हणून आता मी तशाच कोयी रुजवते. पेल्यात मूळ दिसतं, मुलं बघत बसतात, एवढाच त्याचा फायदा.

रोपं वीतभर झाल्यावर मातीचा प्रश्न आला. आमच्याकडची काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण पावसाळ्यात ती पाणी धरून बसते. ॲव्होकाडोची अन्न घेणारी मुळं अगदी वरच्या थरात असतात, त्यांना केसमुळं जवळजवळ नसतात, आणि हवा मिळाली नाही की गुदमरतात. मग फायटोप्थोराची मूळकूज लागते. जगभर सर्वांत जास्त खपणाऱ्या हास जातीचं मूळ झाडसुद्धा शेवटी मूळकुजीनेच गेलं. रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने ते कॅलिफोर्नियात कोयीपासूनच वाढवलं होतं. त्यावर त्याने आधी दुसऱ्या जातीचं कलम बांधून पाहिलं, ते धरलं नाही, म्हणून झाड तसंच वाढू दिलं. १९३५ साली त्याने त्या जातीचं पेटंट घेतलं. झाड २००२पर्यंत उभं होतं. आज दुकानात दिसणारं प्रत्येक हास फळ त्या एका झाडाच्या कलमांचं आहे.

कोयीच्या झाडाचं हेच लक्षात ठेवायचं. गावरान आंब्यात एक झाड शेप्या, शेजारचं खोबऱ्या, तसं इथेही फळ आईसारखं येईलच असं नाही, आणि ते यायला पाच वर्षंही लागतात, दहाही लागतात. फळ हवं असेल त्याने कलम आणावं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का सुप्रीम ही जात आपल्याकडे निघालेली आहे. मला झाड हवं होतं, म्हणून मी कोयीला धरून राहिले.

सुदैवाने आमच्या बालाघाटाच्या उतारांवर मुरूम भरपूर. दोन घमेली बारीक मुरूम, एक शेणखत, एक काळी माती, असं मिसळून अर्धे कापलेले प्लास्टिकचे ड्रम भरले, तळाला भोकं पाडली. पावसाळाभर रोपं हिरवीगार होती. जानेवारीत पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली. आधी टोक, मग कडेने बारीक किनार, जणू कुणी पान उदबत्तीने डागलं असावं. मी पाणी वाढवलं, डाग वाढले. मातीवर पांढरा पापुद्रा दिसला तेव्हा उलगडा झाला. आमच्या चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो, तोच. बोअरचं पाणी क्षाराचं, आणि मिठाला इतकं हळवं फळझाड दुसरं क्वचितच असेल. कडुनिंबाला काही वाटत नाही, हे मात्र पानातून सांगतं.

तेव्हापासून पत्र्याच्या पागोळ्यांखाली दोनशे लिटरचा ड्रम ठेवलाय. त्यातलं पाणी फक्त ह्या झाडांना. बुंध्याभोवती सोयाबीनचं भुसकट, आणि मार्च ते जून शेडनेट. पाचांतली दोन जगली. तिसऱ्या वर्षी माझ्या छातीशी आली आहेत.

एक गोष्ट शेळ्या पाळणाऱ्या घरांत आवर्जून सांगते. ह्याची पानं, साल, कोय जनावरांपुढे टाकू नका. त्यात पर्सिन नावाचं द्रव्य असतं. दुभत्या शेळीची कास सुजते, दूध आटतं, जास्त खाल्लं तर हृदयावर जातं.

फळं घरात येतात म्हटल्यावर गर तोंडाला लावणं आलंच. मार्गशीर्ष-पौषात आमच्याकडे कोरडी हवा सुटते, ओठ उलतात, टाचा फुटतात. दोन चमचे गर, चमचाभर साय, पंधरा मिनिटं ठेवून कोमट पाण्याने धुवायचं. कातडी मऊ होते ती त्यातल्या तेलाने. काळं पडू नये म्हणून काहीजणी लिंबू पिळतात, ते करू नये. लिंबू लागलेल्या अंगाला ऊन लागलं की चट्टे उठतात. आणि रबरी हातमोज्यांनी ज्यांना खाज सुटते, त्यांना हे फळही बाधू शकतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघावं.

मलम टिकाऊ करायला गेले तेव्हा पुन्हा पाण्यानेच दगा दिला. गर, कोरफड आणि गुलाबपाणी तेलात घोटून बरणी भरली. दिसायला सुंदर, फिकट पिस्त्यासारखी. आठव्या दिवशी झाकणाच्या आत काळे ठिपके. पाणी असलेलं काहीही घरी केलं की त्यात बुरशी आणि जंतू वाढणारच. कंपन्या त्यात परिरक्षक घालतात, आपल्याकडे ते नसतं. असलं मिश्रण त्या दिवसापुरतंच करावं.

मग लोणी कढवतो तसं केलं. चार फळांचा गर लोखंडी कढईत मंद आचेवर ढवळत राहिले. आधी वाफ, मग खदखद, मग गर तपकिरी होऊन गोळा झाला आणि कडेला हिरवट तेल सुटलं. फडक्यात पिळलं. जेमतेम तीन चमचे. त्यात घाणीचं करडईचं तेल घातलं, चार भाग तेलाला एक भाग मधाच्या पोळ्याचं मेण. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण विरघळवलं, थेंब थंड ताटलीवर टाकून पाहिला. बोट दाबल्यावर खळगा पडला पण चिकटलं नाही, म्हणजे झालं. डबी आधी उन्हात कडकडीत वाळवलेली हवी. हातावरचं पाणीसुद्धा आत जाता कामा नये. ते मलम संक्रांत ओलांडून होळीपर्यंत राहिलं. सासूबाई रात्री टाचांना चोळून मोजे घालून झोपायच्या. त्यांच्या भेगांत आता चिखल अडकत नाही.

आज मेची सतरा तारीख. झाडांच्या शेंड्यांना तांबूस पालवी आली आहे, टोकं स्वच्छ आहेत. सकाळी ड्रममध्ये काठी बुडवून पाहिली, वीतभर पाणी आहे. एक दिवसाआड प्रत्येकी तीन तांबे. मृगापर्यंत पुरेल.