एक व्हाइटबाई, सहा जणी



मागे एका गटाच्या बैठकीला आम्ही रेकॉर्डिंगसाठी गेलो होतो. बैठक संपली, चहा झाला, तरी एक ताई जागच्या उठेनात. तालुक्याच्या गावी एका घरी त्या स्वयंपाकाला जातात. त्या घरातली चांदीची वाटी सापडेना, तेव्हा सगळ्यांनी आधी यांच्या पिशवीकडे बघितलं. दोन दिवसांनी वाटी देवघरात, पूजेच्या तबकाखाली निघाली. "सापडली बरं का," एवढंच घरच्या बाई बोलल्या. ताई आम्हाला म्हणाल्या, "वाटी सापडली. पण माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर कशी परत घेणार?"

त्यांचं बोलणं ऐकताना आम्हाला एक परदेशी खेळ आठवला. आजची गोष्ट त्या खेळाची आहे, आणि त्यातल्या एका स्वयंपाकीणबाईची.

खेळाचं नाव क्लूडो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातल्या अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो रचला आणि त्यांच्या पत्नी एल्वा यांनी त्याचा पट काढला. १९४९ साली तो बाजारात आला. पटावर एक मोठा वाडा आहे, त्यात नऊ खोल्या. वाड्याच्या मालकाचा खून झालाय. संशयित सहा, हत्यारं सहा. एका माणसाचं, एका हत्याराचं आणि एका खोलीचं अशी तीन पानं खेळ सुरू होताना कुणी न बघता पाकिटात घालतात. उरलेली पानं वाटतात. मग प्रश्न विचारत, एकेक शक्यता खोडत पाकिटात काय आहे ते ओळखायचं. सहा गुणिले सहा गुणिले नऊ, म्हणजे ३२४ शक्यता होतात.

संशयितांत एक कर्नल आहेत, एक प्रोफेसर, एक धर्मगुरू, एक मानाच्या बाई, एक देखणी तरुणी आणि एक मिसेस व्हाइट. ही व्हाइटबाई वाड्यातली स्वयंपाकीण. प्रॅट यांच्या पहिल्या आराखड्यात ती नर्स होती. खेळ छापून आला तेव्हा तिच्या हाती स्वयंपाकघर आलं. नर्स काय नि स्वयंपाकीण काय, दुसऱ्यांचं करणारीच.

आता हे पात्र म्हणजे पानावरचं एक नाव आणि एक चित्र. तिचा स्वभाव काय, ती बोलते कशी, हे खेळात कुठंच लिहिलेलं नाही. म्हणून जी नटी ती भूमिका करेल, तिला ते सगळं स्वतःचं घालावं लागतं. आपल्याकडे 'नटसम्राट'मधले आप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी केले, दत्ता भटांनी केले, सिनेमात नाना पाटेकरांनी केले. तिथं प्रत्येकाच्या हातात शिरवाडकरांचे शब्द होते. व्हाइटबाई करणारीच्या हातात मात्र रिकामं ताट.

१९९० ते १९९३ या काळात इंग्लंडच्या टीव्हीवर या खेळाची मालिका झाली. आधी खुनाची गोष्ट दाखवायची, मग स्टुडिओत बसलेले दोन संघ संशयितांना प्रश्न विचारायचे आणि खुनी ओळखायचे. गंमत म्हणजे दरवर्षी सगळे नट बदलायचे. त्यामुळे चार मालिका आणि नाताळचा एक खास भाग मिळून पाच व्हाइटबाई झाल्या.

पहिल्या जून व्हिटफील्ड. १९५० च्या दशकापासून त्या रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमांतून घरोघरी पोचलेल्या. नुसत्या आवाजावर माणूस उभं करायची त्यांना सवय. अशी ओळखीची, नीटनेटकी बाई समोर आली की बघणाऱ्याला वाटतं, हिच्या हातून कसं काय होईल?

नाताळच्या भागात जोन सिम्स होत्या. 'कॅरी ऑन' नावाच्या विनोदी सिनेमांच्या मालिकेत त्यांनी कितीतरी भूमिका केल्या होत्या. त्यांना बघताच लोकांना आधी हसू यायचं, आणि हसणारा माणूस संशय घ्यायला जरा विसरतो.

१९९१ साली मॉली सग्डन आल्या. एका गाजलेल्या मालिकेत त्यांनी दुकानातली तोऱ्यात राहणारी विक्रेती केली होती. त्या आल्या की लोकांच्या मनात तो ताठाही सोबत येणार. 'मला विचारणारे तुम्ही कोण?' असं स्वयंपाकीण नजरेनं म्हणू शकते, हे त्यांच्याकडे बघून पटतं.

१९९२ साली पॅम फेरिस. वय पंचेचाळिशीच्या आत, अंगानं दणकट. त्याआधीच्या वर्षी त्या एका मालिकेतली भरल्या घरातली प्रेमळ आई म्हणून गाजल्या होत्या. पुढं १९९६ साली त्यांनीच 'मटिल्डा' सिनेमात मुलांना धडकी भरवणारी मुख्याध्यापिका केली. एकाच बाईत माया आणि दरारा दोन्ही. कुठलं कधी बाहेर येईल, सांगता येत नाही.

आणि १९९३ साली लिझ स्मिथ, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. यांची कहाणी तर आपल्या गटांत सांगावी अशी. नवऱ्यापासून वेगळं होऊन दोन मुलं एकटीनं वाढवली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर लंडनच्या एका खेळण्यांच्या दुकानात विक्रीचं काम करत असताना दिग्दर्शक माइक ली यांचं बोलावणं आलं, आणि तिथून त्यांची नटी म्हणून खरी वाट सुरू झाली. खेळणी विकणारी बाई पुढं खेळातलंच पात्र झाली.

या पाचही जणींपुढं अडचण एकच होती. दर भागात खुनी वेगळा. म्हणजे व्हाइटबाई अशी करायची की ती आज निर्दोष वाटावी आणि पुढच्या भागात तिनंच खून केलाय म्हटलं तरी पटावं.

सहावी व्हाइटबाई या सगळ्यांच्या आधीची, १९८५ च्या अमेरिकी सिनेमातली. ती केली मॅडलिन कान यांनी. इथं व्हाइटबाई स्वयंपाकीण नाहीच. काळ्या पोशाखातली, थंड चेहऱ्याची विधवा आहे. एका जागी ती मनातला द्वेष सांगायला लागते आणि तिला शब्दच सापडत नाहीत. वाक्य अडतं, श्वास फुलतो. तो प्रसंग कान यांनी चित्रीकरणाच्या वेळी ऐनवेळी स्वतःच रचला, आणि आज सिनेमातला तोच लोकांच्या सर्वांत जास्त लक्षात आहे. पण एक गोष्ट आम्हाला टोचली. व्हाइटबाई पाहुणी झाल्यावर घरकामाला दुसऱ्या दोघी आल्या, एक स्वयंपाकीण आणि एक मोलकरीण. त्या दोघीही सिनेमात मारल्या जातात.

आता तुमच्या गटासाठी एक खेळ. तीन जणींनी एकच वाक्य म्हणायचं: "मी तर स्वयंपाकघरातच होते." पहिलीनं घाबरत, दुसरीनं चिडून, तिसरीनं शांतपणे. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि सांगायचं, खोटं कोण बोलतंय. आम्ही आमच्याकडे करून बघितलं. बहुतेकींनी घाबरलेलीवर बोट ठेवलं. शब्द तिघींचे तेच होते, पुरावा कुणाविरुद्धच नव्हता.

नटी हेच जाणते. आवाज कापला, नजर खाली गेली की लोक संशय घेतात, म्हणून ती ते ठरवून करते. पण ज्या बाईचं काम उद्या सुटू शकतं, तिचा आवाज खरा असतानाही कापतो. भीती आणि अपराध बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून पुढच्या वेळी काही हरवलं तर चेहरा वाचायच्या आधी तबक उचलून बघावं.

पानांच्या खेळात हा न्याय आपोआप होतो. पाकिटात स्वयंपाकिणीचं पान असण्याची शक्यता कर्नलच्या पानाइतकीच, सहात एक. आपल्या घरांत मात्र पहिलं बोट कुठं जातं, ते आपल्याला माहीत आहे.

२०१६ साली कंपनीनं व्हाइटबाईला खेळातून काढलं आणि तिच्या जागी एक शास्त्रज्ञ बाई आणली. २०२३ च्या नव्या खेळात ती परत आली, पण आता तिचं नाव शेफ व्हाइट. काम तेच, चुलीपुढचं, नाव मानाचं.

ही गोष्ट आम्ही त्या ताईंना रेकॉर्डिंगच्या आधी ऐकवली. त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "ते तीन जणींचं वाक्य आहे ना, ते आमच्या बाईंना एकदा ऐकवा." मैत्रिणींनो, ताई, हे त्यांच्यासाठीच.