एका चऱ्याचा हिशेब

घड्याळाच्या केसवरून बोट फिरवताना नख अडकलं नाही, तर तो ओरखडा. अडकलं, तर चरा. दुरुस्तीच्या टेबलावर पहिली विभागणी हीच होते आणि खर्च, वेळ, धोका हे सगळं तिच्यावरून ठरतं. ओरखडे बारीक पॉलिशने जातात. चरा पुसता येत नाही, कारण तिथे पुसण्यासारखं काही उरलेलंच नसतं. थोडा धातू दोन्ही काठांवर ढकलला गेलेला असतो, बाकीचा कायमचा गेलेला. मग कारागिरापुढे दोनच मार्ग राहतात. भोवतालचा सगळा पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, नाहीतर बाहेरून नवा धातू आणून चरा भरायचा. शेतातला खड्डा बुजवायला माती मिळाली नाही, तर अख्खं शेतच खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवावं लागेल, तसा हा प्रकार. यातला कोणता मार्ग कधी घ्यायचा आणि कुठे थांबायचं, या दोन प्रश्नांवर केस-दुरुस्तीची सगळी कारागिरी उभी आहे.

स्टेनलेस स्टील गंजाला दाद देत नाही, पण ओरखड्यांपुढे ते मऊच म्हणायचं. घड्याळांत सर्रास वापरलं जाणारं पोलाद म्हणजे ३१६ एल. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. क्रोमियमच्या ऑक्साइडचा न दिसणारा थर त्याला घामापासून आणि खाऱ्या हवेपासून वाचवतो. कठीणपणाच्या विकर्स मापावर मात्र ते साधारण १५० ते २०० वर येतं, तर रस्त्यावरच्या धुळीतला क्वार्ट्झचा कण हजाराच्या पुढे असतो. शर्टाच्या बाहीत अडकलेला असा एक कण पोलादावर रेघ ओढायला पुरतो. ग्रॅनाइटमध्येही क्वार्ट्झ असतं. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेला घड्याळाचा हात जोरात घासला, तर नुकसान ओट्याचं होत नाही. रोलेक्सने १९८५ पासून वापरात आणलेलं ९०४ एल पोलाद क्षारांना अधिक चांगलं तोंड देतं, पण चरा पडण्याच्या बाबतीत त्याची गत फारशी वेगळी नाही.

काचेला असं काही झालं, तर ती बदलता येते. भारतातले ब्रिटिश लष्करी अधिकारी पोलो खेळताना घड्याळांच्या काचा फोडून घेत. ही तक्रार १९३०च्या सुमारास सेझार द त्रे या स्विस व्यावसायिकाच्या कानावर इथेच पडली. त्यातून घड्याळ आपल्याच चौकटीत सरकवून उलटं फिरवण्याची युक्ती निघाली. रने-आल्फ्रेद शोव्हो या फ्रेंच अभियंत्याने मार्च १९३१ मध्ये तिच्या पेटंटसाठी पॅरिसमध्ये अर्ज केला आणि ‘रिव्हर्सो’ जन्माला आलं. काच वाचली, मार खायचं काम पोलादी पाठीकडे गेलं. केसचं काम पहिल्यापासून हेच आहे. पण काच बदलतो तशी केस बदलता येत नाही. अनुक्रमांक, कारखान्याचे शिक्के, सोन्याचं हॉलमार्क हे सगळं तिच्यावरच असतं. केस बदलली, की घड्याळाची ओळखच बदलते.

गोल, गुळगुळीत, सगळीकडून चकाकणारी केस दुरुस्त करणं तुलनेने सोपं. कापडी बफ फिरवला, वळणाचा आकार राखला, की काम होतं. अडचण वाढली ती घड्याळांना सपाट पैलू आणि धारदार कडा आल्यावर. सेईकोच्या ‘ग्रँड सेईको ४४ जीएस’ने १९६७ मध्ये आरशासारख्या सपाट बाजू आणि त्यांच्यामधल्या काटेकोर रेषा हीच आपली ओळख ठरवली. फिरत्या चकतीच्या सपाट तोंडावर केस दाबून धरायची आणि लाट न येऊ देता ती सपाट करायची, या पद्धतीला तिथे ‘झारात्सू’ म्हणतात. पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, ओदेमार पिगे कंपनीने जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेलं ‘रॉयल ओक’ बाजारात आणलं. धातू साधं पोलाद, किंमत सोन्याच्या घड्याळाला लाजवणारी. काचेभोवतीचं अष्टकोनी कडं, म्हणजे बेझल, ब्रश फिनिशचं आणि त्याची तिरकस कड आरशासारखी. दोन फिनिशांच्या मधली रेषा केसासारखी बारीक. चरा याच रेषेला छेदून गेला, तर दोन्ही बाजू नव्याने बांधाव्या लागतात आणि रेषा पुन्हा नेमकी त्याच जागी आणावी लागते.

कामाची सुरुवात धातूला हात न लावताच होते. घड्याळ पूर्ण खोललं जातं. मशीन बाहेर, काच बाहेर, चावी आणि बटणं बाहेर, रबरी रिंगा काढून टाकलेल्या, पट्टा किंवा चेन वेगळी. रिकामी केस अल्ट्रासोनिक टाकीत धुतली जाते, कारण कडांमध्ये साचलेला मळ घासताना सुटला, तर तोच नवे ओरखडे पाडतो. मशीन आत असताना बाहेरून बफ मारून देणं हा झटपट मार्ग अनेक ठिकाणी चालतो. त्यात पॉलिशची पेस्ट चावीच्या नळीत शिरते आणि घासलेल्या धातूची भुकटी आतवर पोचते.

यानंतर मोजमाप. समजा, पट्टा जिथे अडकतो त्या चार टोकांपैकी, म्हणजे लगांपैकी, एकाच्या बाहेरच्या बाजूवर ०.२ मिलिमीटर खोल चरा आहे. ऐकायला क्षुल्लक वाटतं. त्या लगाच्या वरच्या कडेला ४५ अंशांत कापलेली, ०.७ मिलिमीटर रुंदीची चकाकती तिरकस कड आहे असं धरू. बाजू ०.२ मिलिमीटर खाली उतरवली, तर भूमितीच्या हिशेबाने ही कड साधारण ०.४२ मिलिमीटर उरते. चाळीस टक्के कड गेली, तीही तिला न शिवता. मग ती पुन्हा रुंद करायची, तर तीही खाली घ्यावी लागते. समोरचा लग जुन्याच मापाचा राहिला, तर घड्याळ एका बाजूला झुकल्यासारखं दिसतं. म्हणून त्यालाही तेवढंच घासायचं. एक चरा असा चारही लगांवर पसरत जातो. फक्त घासून चरा काढायचा मार्ग म्हणूनच उथळ चऱ्यांपुरता, आणि भरपूर धातू शिल्लक असलेल्या जाड केसपुरता ठीक.

इथे कापडी बफ कामाचा नाही, हे नवशिक्याला उशिरा कळतं. बफ मऊ असतो. तो चऱ्यात उतरतो, त्याचे काठ गोलावतो आणि चऱ्याच्या जागी उथळ, चकचकीत खोलगट भाग तयार करतो. समोरून पाहिलं तर चरा गेलेला दिसतो. खिडकीच्या उजेडात घड्याळ तिरकं केलं, की गजांचं प्रतिबिंब तिथे वाकतं आणि चोरी उघडी पडते. आजूबाजूच्या कडाही बफने विरघळल्यासारख्या मऊ केलेल्या असतात. म्हणून सपाट बाजूसाठी कठीण आणि सपाट साधन लागतं: फिरत्या चकतीवर चिकटवलेला पॉलिश पेपर आणि केस नेमक्या कोनात धरून ठेवणारा पकडसाचा. पेपर ४००, ६००, ८००, १२०० असे चढत्या क्रमाने बारीक होत जातात आणि प्रत्येक पेपरचं काम आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण मिटवणं एवढंच. एक पायरी गाळली, तर तिच्या रेघा शेवटच्या चकाकीतून वर दिसतात.

खोल चऱ्यासाठी आता लेझर वेल्डिंग वापरतात. सूक्ष्मदर्शकाखाली केस हातात धरूनच काम चालतं. लेझरचा एकेक ठोका काही मिलिसेकंदांचा, त्याचा ठिपका मिलिमीटरच्या अंशात मोजायचा. उष्णता त्या ठिपक्यापलीकडे फारशी पसरत नाही, त्यामुळे शेजारची कड वाकत नाही की काळवंडत नाही. हवेतल्या ऑक्सिजनने वितळलेला धातू बिघडू नये म्हणून वरून आर्गॉन वायूचा झोत सोडलेला असतो. केसाइतकी बारीक तार चऱ्यात धरून ठिपक्यावर ठिपका चढवत जायचं. पृष्ठभागापेक्षा किंचित वर येईपर्यंत भरायचं आणि मग तो उंचवटा सपाट करायचा.

तार कोणती, यावर निम्मं यश ठरतं. ३१६ एलच्या केसला ३१६ एलचीच तार हवी. ९०४ एलमध्ये निकेल २३ ते २८ टक्के आणि वर १ ते २ टक्के तांबं असतं. तिथे दुसरी तार भरली, तर पॉलिशनंतर जोड वेगळ्या झाकेचा दिसण्याची भीती. सोन्यात हे आणखी कठीण होतं. १८ कॅरेटमध्ये हजार भागांतले ७५० भाग सोनं ठरलेले. उरलेल्या २५० भागांत चांदी किती, तांबं किती हे ज्याचं त्याचं, आणि रंग तिथेच बदलतो. दुसरा धोका हवेच्या बुडबुड्यांचा. भरताना आत राहिलेला बुडबुडा सपाट करताना उघडा पडतो आणि आरशासारख्या बाजूवर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसतं. तेव्हा पुन्हा भरायचं, पुन्हा घासायचं.

शेवटी फिनिश. आधी चकाकत्या कडा पूर्ण करून त्यांच्यावर टेप लावतात आणि मग ब्रशच्या रेघा ओढतात. रेघा सरळ असतील, तर त्या एका दमात, एका दिशेने जायला हव्यात. मध्ये हात थांबला, की तिथे पट्टा उमटतो. बेझलवर रेघा गोलाकार, काही लगांवर केंद्रातून फाकणाऱ्या. मूळ कारखान्याच्या रेघांची जाडी ओळखून तसाच पेपर निवडावा लागतो. मग केस धुऊन नव्या रबरी रिंगा घालतात, घड्याळ जोडतात आणि हवेच्या दाबाखाली गळतीची चाचणी घेतात. काच किंवा पाठ ज्या कठड्यावर बसते तो घासण्यात किंचित जरी कमी झाला असेल, तर ते इथे कळतं. ही चाचणी न करता परत दिलेलं घड्याळ दिसायला नवं असलं, तरी पावसाळ्यात भरवशाचं नाही.

या सगळ्याला नकार देणारे धातूही आहेत. १९६१ मध्ये बेंगळुरूत सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला आणि पुढची दोन-तीन दशकं मराठी घरांतलं पहिलं घड्याळ बहुधा तिथूनच आलं. त्या काळातल्या अनेक घड्याळांच्या पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं कोरलेलं सापडतं. ते शब्दशः घ्यायचं: पोलाद फक्त पाठीला, बाकी केस क्रोमचा मुलामा दिलेली पितळेची असू शकते. तिच्यावर कानस चालवली, की खालून पिवळं पितळ बाहेर येतं. तिथे लेझरही फारसा कामाचा नाही, कारण पितळेतलं जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळतं आणि जोड फसफसतो. अशा केसचा मुलामा उतरवून, चरा भरून, पुन्हा मुलामा चढवावा लागतो. सोन्याच्या मुलाम्याची गोष्टही तीच. त्याची जाडी १० किंवा २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहून कमी. काळ्या पीव्हीडी लेपाची जाडी तर काही मायक्रॉनच. तो जागेवर दुरुस्त होत नाही.

टायटॅनियमचं पहिलं मनगटी घड्याळ सिटिझनने १९७० मध्ये काढलं. हा धातू वजनाला हलका, पण घासताना पेपरला चिकटतो, ओढला जातो, आणि त्याची बारीक भुकटी पेट घेऊ शकते. जर्मन झिन कंपनी पोलादाचा वरचा थर १२०० विकर्सच्या आसपास कठीण करते. त्यावर ओरखडा सहसा पडत नाही, पण पडलाच तर घासून काढताना तो थरच जातो. राडोने १९६२ मध्ये ‘डायास्टार’ आणलं ते टंगस्टन कार्बाइडच्या कड्यासह. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या कोकणी माणसाच्या मनगटावर ते अनेक वर्षं मिरवलं आणि त्याचा चकचकाट टिकून राहतो, हे शेजारच्यांनीही पाहिलं. पण कार्बाइडवर चरा पडत नाही, टवका उडतो, आणि टवक्यावर नेहमीच्या कार्यशाळेत इलाज नाही.

संग्राहकांचं जग या कारागिरीकडे संशयाने बघतं, आणि तसं बघायला त्यांच्याकडे कारण आहे. जुन्या घड्याळाचा दर ठरवताना ते लगांच्या पिना बसतात ती भोकं बघतात. लग घासून बारीक झाले, की भोक कडेच्या जवळ येतं. स्वित्झर्लंडच्या १८ कॅरेट सोन्यावर १९९५ पर्यंत हेल्व्हेशियाच्या चेहऱ्याचा शिक्का असे, त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा. तो पुसट झाला असेल, तर केस किती वेळा बफखाली गेली याचा अंदाज येतो. लिलावांत पॉलिश न झालेल्या केसला जास्त भाव मिळतो तो यामुळेच. पण त्याच्या उलट टोकाला जाण्याचंही कारण नाही. रोज वापरायच्या घड्याळावर नख अडकणारा चरा चांगल्या हाताने भरून घेतला, तर त्याने काही पाप होत नाही.

आपल्याकडे लेझर वेल्डिंगची यंत्रं घड्याळवाल्यांपेक्षा सोनारकामाच्या कारखान्यांत आधी आली. त्यामुळे मोठ्या शहरांत भरण्याचं काम एकाकडे आणि सपाट करण्याचं, ब्रशचं काम दुसऱ्याकडे असं वाटून घेता येतं. घड्याळ देण्याआधी विचारायचे प्रश्न थोडे आणि साधे आहेत. मशीन बाहेर काढणार का? केस कोणत्या धातूची हे कसं ओळखलं? चरा भरणार की घासणार? समोरच्या लगाचं काय करणार? शेवटी दाब-चाचणी होणार का? पहिल्या प्रश्नालाच ‘काही गरज नाही’ असं उत्तर आलं, तर पुढचे विचारायचं कारण उरत नाही. आणि निव्वळ ओरखडेच असतील, तर मशीनच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबावं. तेव्हा घड्याळ खोललं जाणारच असतं, आणि केसचं एक पूर्ण पॉलिश वाचतं.

लेझर येण्यापूर्वी या कामाला बहुतेक वेळा वजाबाकी हाच मार्ग होता. आता बेरीजही सहज करता येते, त्यामुळे पूर्वी हात टेकावे लागत अशा केस आज वाचतात. तरी भरलेला धातू पृष्ठभागाच्या पातळीला आणायचा तो घासूनच, आणि तिथे ०.०५ मिलिमीटर जास्त गेलं, तर भरणीचा सगळा फायदा संपतो. यंत्राने कारागिराला नवा धातू दिला. केव्हा थांबायचं हे अजून त्याच्या बोटांनाच कळावं लागतं, आणि घड्याळ कुणाच्या हाती द्यायचं हे ठरवताना पैसे मोजायचे ते त्याच कळण्याचे.