लष्करी सरावक्षेत्र, शेजारची जमीन आणि एक सुतारपक्षी

लष्कराच्या सरावक्षेत्राभोवती वस्ती वाढू लागली की तक्रारींना सुरुवात होते. तोफांच्या आवाजाने घरांची तावदाने हादरतात, तर वस्तीतील दिव्यांमुळे जवानांच्या अंधारातील सरावात व्यत्यय येतो. अमेरिकेत या प्रश्नावर जो मार्ग काढण्यात आला, त्याची सुरुवात मात्र एका लहानशा सुतारपक्ष्यापासून झाली.

उत्तर कॅरोलायना राज्यातील फोर्ट ब्रॅग हा सुमारे १ लाख ६० हजार एकरांचा लष्करी तळ आहे. (२०२३ ते २०२५ या काळात त्याचे नाव फोर्ट लिबर्टी होते.) येथील लाँगलीफ पाइनच्या वनात ‘रेड-कॉकेडेड’ जातीचा सुतारपक्षी राहतो. तो जिवंत, जुन्या पाइन वृक्षातच ढोली कोरतो आणि त्या कामास त्याला अनेकदा काही वर्षे लागतात. या वनाला अधूनमधून वणवा लागणे आवश्यक असते. तळाबाहेरील वने तोडली गेली. तळावर तोफगोळ्यांनी पेटणाऱ्या आगींमुळे ती टिकली, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

१९७० मध्ये हा पक्षी संकटग्रस्त म्हणून घोषित झाला होता. १९९० मध्ये वन्यजीव विभागाच्या आक्षेपानंतर तळावरील सरावावर कडक निर्बंध आले. ढोलीच्या वृक्षांजवळ वाहने नेणे, खंदक खणणे, तळ ठोकणे यांस मनाई झाली. पक्ष्यांचा सारा भार तळावरच पडत होता, कारण बाहेरचे जमीनमालक पक्षी येण्याआधीच झाडे तोडून मोकळे होत. पक्षी आला की कायदा येतो, ही त्यांची भीती होती.

यावर १९९५ मध्ये लष्कराने ‘नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेशी करार करून शेजारच्या जमिनी सुरक्षित करण्यास प्रारंभ केला. जमीन विकत घेणे हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग ‘कॉन्झर्व्हेशन ईझमेंट’ अर्थात संवर्धन सुविधाधिकाराचा. यात जमीन मालकाच्याच नावावर राहते. तो तीत शेती करू शकतो, लाकूड काढू शकतो, ती विकूही शकतो. मात्र प्लॉट पाडून घरे बांधण्याचा हक्क तो संस्थेला देऊन टाकतो. सातबाऱ्यावर बोजा चढावा तशी या कराराची दप्तरी नोंद होते आणि तो सामान्यतः कायमचा असल्याने पुढील प्रत्येक खरेदीदारावर बंधनकारक ठरतो. जमिनीचे बाजारमूल्य जितके घटते, त्या आधारे मोबदला ठरतो.

डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संरक्षण खात्याला अशा करारांसाठी राज्ये व खासगी संस्थांबरोबर खर्च वाटून घेण्याचा अधिकार दिला. त्यानंतर ही पद्धत देशभरातील तळांवर पोहोचली. भारतात १९०३ च्या संरक्षण बांधकामे कायद्यानुसार सरकार अधिसूचना काढून संरक्षण स्थळांभोवतीच्या बांधकामावर निर्बंध घालू शकते. तेथे भरपाई असली तरी मालकाच्या संमतीची अट नाही. अमेरिकेतील करार ऐच्छिक आहे. अर्थात आजोबांनी ऐच्छिक केलेली सही नातवावर बंधन होऊन येते, ही त्यातील खरी अडचण आहे. शेजारी शहर वाढून जमिनीचे भाव कितीही चढले, तरी त्याला सामान्यतः तो करार मोडता येत नाही.

फोर्ट ब्रॅग परिसरातील या पक्ष्यांच्या संख्येने २००६ मध्ये ठरवलेले उद्दिष्ट गाठले. सरावावरील बरेच निर्बंधही सैल झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये या पक्ष्याचा दर्जा ‘संकटग्रस्त’ऐवजी त्याखालील ‘धोक्यात’ असा करण्यात आला.